आरपार शिवण

३ ऑक्टोबर

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर बघूनच तुला वाटलं असेल, हिला काहीतरी हवंय. हवंय.

इथे, पार उत्तरेकडच्या या थंड किनाऱ्यावर, येऊन चार महिने झाले. प्रयोगशाळेतलं काम अंगवळणी पडलंय. सकाळी बंदरातल्या सहा ठिकाणांहून पाण्याच्या बाटल्या भरून आणायच्या आणि दिवसभर तपासत बसायचं. काम सुटलं की मी फळी घेऊन लाटांवर जायला शिकतेय. हे बाबांना माहीत नाही आणि कळता कामा नये. या नोकरीला त्यांनी हो म्हटलं तेच मुळी 'समुद्र काठावरूनच बघीन' असा शब्द घेऊन.

उन्हाळ्यात साध्या पोहायच्या कपड्यांवर भागलं. आता पाणी थंड व्हायला लागलंय, वेटसूटशिवाय उतरताच येत नाही. वेटसूट म्हणजे रबरासारख्या फुगीर कापडाचा, मानेपासून घोट्यापर्यंत अंगाबरोबर बसणारा पोशाख. माझ्याआधी इथे काम करणाऱ्या बाई जाताना त्यांचा मला देऊन गेल्या. धडाला पाच मिलिमीटर जाड, हातापायांना चार, म्हणजे थंडीचाच. पण उजव्या काखेत उसवलाय, मांडीच्या आत वीतभर फाटलाय आणि कमरेत मागे सैल होतो. दुरुस्तीचं दुकान दोन बस बदलून आहे आणि तो माणूस दीड महिना लावतो. तू आयुष्यभर लोकांचे कोट उसवून बेतून देत आलीस. माझं एवढं करशील?

तुझी
भिंगरी


९ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

करीन. पण माझ्या हातात कपडा येण्याआधी मला तो कळावा लागतो. कोट बेतताना आम्ही श्वासाला, हात हलवायला जागा सोडतो. हा अंगाबरोबर का हवा? आत पाणी येऊ नये म्हणून? मग मानेतून येत नाही का? तुझी मापंही पाठव. छाती, छातीच्या खाली, कंबर, बसून मांडी, आणि मानेच्या मणक्यापासून कमरेपर्यंत पाठ. टेप सैल धरू नकोस. तुला सवय आहे.

आता दादाचं. तो माझा मोठा भाऊ आहे. तू म्हणतेस म्हणून मी आपणहून सांगणार नाही. त्याने विचारलं तर खोटंही बोलणार नाही, गप्प बसेन. माझं गप्प बसणं त्याला ओळखता येतं, हे ध्यानात ठेव.

फोन करत जाऊ नकोस. चाळीस वर्षं मशीनच्या घरघरीत बसून कानांचं जे व्हायचं ते झालंय. परवा कुणीतरी पॅन्ट आखूड करायचं विचारत होतं आणि मी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या.

तुझी आत्या


१६ ऑक्टोबर

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

सूट वेगळ्या पार्सलने पाठवलाय. मापं मागच्या पानावर आहेत.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. पाणी आत येतंच, थोडंसं. ते अंगाच्या उबेने कोमट होतं आणि तिथेच अडकून बसतं. म्हणून घट्ट हवा. सैल असला की दर लाटेला आतलं कोमट पाणी निघून जातं आणि नवीन गार पाणी शिरतं. तेवढं नवीन पाणी तापवता तापवता अंग दमून जातं.

इथे आमचा चौघांचा गट आहे. टपाल वाटणाऱ्या बाई सगळ्यांत तरबेज, त्यांना आम्ही टपालबाईच म्हणतो. मग शाळेतल्या गणिताच्या बाई, एक बेकरीवाला आणि मी. दर शनिवारी सकाळी जातात. मी गेले दोन शनिवार वाळूवर बसून टॉवेल आणि थर्मास राखलेत. परवा बेकरीवाला कुणाला तरी ओळख करून देताना म्हणाला, "ही आमची सामान राखणारी." सगळे हसले, मीही हसले. लवकर कर ना, आत्या.

तुझी
भिंगरी


३० ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पार्सल आजच टाकतेय. हे कापड कापड नव्हेच, पावाचा लुसलुशीत तुकडा शिवल्यासारखं वाटतं. पहिल्या दिवशी साध्या सुईखाली नुसतं दबायचं आणि उसळायचं. मग चामड्याची सुई लावली, दाब कमी केला आणि काबूत आलं. मांडीची चीर दुहेरी टीप घालून बंद केलीय. काखेत तीन टिपा. कमरेला मागे दोन्हीकडे टक्स घेऊन सैल भाग आवळलाय. सगळी शिवण आरपार आणि पक्की आहे, दोन माणसांनी दोन बाजूंनी ओढली तरी उसवायची नाही. शेवटी ओलं फडकं ठेवून मंद इस्त्री फिरवली म्हणजे शिवण टोचायला नको.

खरं सांगू, बऱ्याच दिवसांनी मजा आली. नाहीतर दिवसभर झिपा बदलायच्या.

घातल्यावर कसा बसतो ते लिही.

तुझी आत्या


५ नोव्हेंबर

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

असा बसलाय की टपालबाईंनी मला गोल फिरवून बघितलं. बघायची रीत त्यांनीच शिकवली. सूट घालून उकिडवं बसायचं, हात डोक्यावर न्यायचे आणि पाठीत, काखेत कुठे पोकळी राहते का ते चाचपायचं. तुझ्या टक्सनी कंबर अगदी चपखल बसलीय.

बाकी निगाही त्यांनीच सांगितली. घालताना नखं लावायची नाहीत, बोटांच्या पेरांनी चिमटून वर सरकवायचा. पाय अडकत असेल तर पावलावर प्लास्टिकची पिशवी चढवायची. वापरून झाला की गोड्या गार पाण्यात बुडवून काढायचा, उलटा करून सावलीत वाळवायचा आणि रुंद खांद्याच्या हँगरला टांगायचा. उन्हात टाकला की वर्षात कडक होऊन तडकतो. मी आल्याआल्या बादलीत बुडवून टांगला. काखेतून थोडं ठिबकत होतं, पण नवी शिवण आहे, बसेल.

या शनिवारी मला काम आहे. पुढच्या शनिवारी, पंधरा तारखेला, खडकाच्या पलीकडे जायचं ठरलंय. तिथल्या लाटा लांब येतात.

तुझी
भिंगरी


११ नोव्हेंबर

चि. भिंगरी,

हे पत्र रजिस्टर्ड पोचेसह पाठवतेय, म्हणजे तुझ्याच हातात पडेल. आधी एवढं वाच. तो सूट घालून पाण्यात उतरू नकोस.

'ठिबकत होतं' हा शब्द डोक्यातून जाईना. इथे धरणावरच्या पाणबुड्यांचे पोशाख दुरुस्त करणारा एक म्हातारा कारागीर आहे. त्याच्याकडे काल गेले आणि काय काय केलं ते सांगितलं. त्याने मधेच हात वर करून मला थांबवलं. म्हणाला, "बाई, तुम्ही शिवलं नाहीत, चाळण केलीत."

थंडीच्या सूटच्या कडा आधी खास सोल्यूशनने चिकटवतात. त्यानंतर सुई अर्ध्याच जाडीत फिरवतात, आपण तुरपाईत वरच्या कापडाचा एकच धागा उचलतो तशी. सुई पलीकडे निघताच कामा नये. माझी प्रत्येक टीप पलीकडे निघालीय. काखेत तीन टिपा म्हणजे तिप्पट भोकं. टक्स तर चांगल्या अखंड कापडाला मी आपल्या हाताने भोसकून घेतलेत. त्यात इस्त्री. उष्णतेने कापडातले हवेचे बुडबुडे बसतात आणि त्याच जागी ऊब धरत नाही.

तुझी कंबर चपखल बसली म्हणून तुला तो चांगला वाटतोय. सुका आहे तोवरच चांगला आहे. लगेच दोन ओळी पाठव.

तुझी आत्या


२१ नोव्हेंबर

चि. भिंगरी,

दहा दिवस झाले. तुझी ओळ नाही आणि पोचेचं कार्डही आलेलं नाही. पत्र वाटेत पडलंय की तुझ्या दारात, कळायला मार्ग नाही.

काल खालच्या औषधवाल्याला तुझ्या प्रयोगशाळेत फोन लावायला लावला. ते म्हणाले रजेवर आहेत. कशाची रजा, विचारलं. सांगता येणार नाही म्हणाले. तो पुन्हा लावायला तयार होता, माझीच छाती झाली नाही.

दादाला सांगितलं तर तो तासाभरात गाडीत बसेल. मी तुला शब्द दिलाय. पुढच्या शुक्रवारपर्यंत तुझं पत्र आलं नाही तर तो शब्द मी मोडणार आहे.

आत्या


२४ नोव्हेंबर

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

अगं किती घाबरतेस. मी ठीक आहे. पंधरा तारखेला थोडी गारठले, मग सर्दी-ताप, म्हणून रजा. तुझं रजिस्टर्ड पत्र मला सोमवारी, सतरा तारखेला मिळालं, तोवर जाऊन आलेच होते. सूटने फार काही त्रास दिला नाही. एका खडकाला घासून थोडा फाटला, म्हणून आता वापरत नाही. तेव्हा तू जिवाला लावून घेऊ नकोस.

अक्षराकडे लक्ष देऊ नकोस, बसमध्ये लिहितेय.

बाबांना काही कळवू नकोस.

तुझी
भिंगरी


३ डिसेंबर

चि. भिंगरी,

तुझं पत्र मिळालं तेव्हा मी देवाचे आभार मानले आणि चार दिवस शांत झोपले. पाचव्या दिवशी पोचेचं कार्ड आलं, कुठेतरी भरकटत. त्यावर तुझी सही आहे. अक्षर सरळ आहे. तारीख चौदा, शुक्रवार.

काल एक पार्सलही आलं. तुझ्या टपालबाईंनी पाठवलंय. सूट त्यांच्याकडेच राहिला होता. आधीच्या पार्सलांमुळे माझा पत्ता त्यांना पाठ झालाय असं लिहिलंय. चिठ्ठीत आहे, 'तिचा यावर जीव आहे, काही होत असेल तर बघा. हाताला आराम पडू दे म्हणावं.' तुला विचारलेलं दिसत नाही.

सूट मी कापायच्या टेबलावर पसरला. खडकाला घासलेलं कापड मला कळतं, त्याच्या कडा पिंजतात. हा घासलेला नाही. डाव्या घोट्यापासून मानेपर्यंत एका रेषेत कापलाय, दोन्ही बाह्याही उभ्या कापल्यात. मोठी, बोथट टोकाची कात्री, घाईत चालवलेली, पण आतल्या अंगाला जपून. असं कापड कुणी कधी कापतं ते मला माहीत आहे. माणूस स्वतः हात काढू शकत नाही तेव्हा.

माझी शिवण मात्र कुठेही उसवलेली नाही.

कोणत्या हाताला आराम पडायचाय? आणि शुक्रवारी पत्र वाचून तू शनिवारी काय केलंस? या वेळी बसमध्ये लिहू नकोस.

आत्या


१२ डिसेंबर

ती. आत्यास,

टेबलाशी बसून लिहितेय. तरी अक्षर असंच येईल. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं अजून बधिर आहेत. डॉक्टर म्हणतात येतील परत, किती दिवसांत ते सांगत नाहीत. दोन दिवस हॉस्पिटलमध्ये होते.

शुक्रवारी पत्र टपालबाईंनीच आणलं. रजिस्टर्ड बघून म्हणाल्या, "घरी सगळं ठीक ना?" मी म्हटलं, "आत्या शिलाईचं विचारतेय." मग वर जाऊन दोनदा वाचलं. न्हाणीघरात सूट उलटा केला, एक बाही पाण्याने भरली आणि उचलून धरली. टाक्याटाक्यातून थेंब येत होते. कमरेलाही तेच. तू लिहिलेलं सगळं डोळ्यांनी दिसलं. ते बघून मी सूट पुसला, घडी घातली आणि सकाळच्या पिशवीत ठेवला.

शनिवारी पाणी अकरा अंश होतं. आपल्या बाटल्यांत मी रोज मोजते, मला माहीत होतं. पहिली दहा मिनिटं काहीच वाटलं नाही. मग लाटेखाली बुडी मारली की कमरेतून गार पाणी पाठीवर चढायचं, आणि ते तापायच्या आत दुसरी लाट. मला एक लाट मिळाली, आत्या. उभी राहिले आणि बरीच लांब गेले. गणिताच्या बाईंनी हात वर केला. त्याच वेळी परत फिरायला हवं होतं.

पुन्हा आत गेले. थोड्या वेळाने बोटं मिटेनात. पाणी मागे लोटायला पंजा मिटावा लागतो, माझा काट्याच्या चमच्यासारखा झाला होता. फळी खडकाच्या बाजूला वाहत चालली होती. बेकरीवाला जवळून जाताना म्हणाला, "काय गं, दमलीस?" मी मान हलवली, नाही. तो गेला. मला हाक मारता आली असती. आली नाही असं मी हॉस्पिटलमध्ये सगळ्यांना सांगितलं, पण आली असती.

टपालबाई शेजारी आल्या. त्यांनी माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं आणि मी उत्तर दिलं. ते उत्तर मला स्वतःला कळलं नाही. शब्द म्हणून काही निघतच नव्हतं. त्यांचा चेहरा बदलला तेवढा आठवतोय. त्यांनी मला फळीवर पालथं घातलं आणि स्वतः मागून पोहत ढकललं. काठावर यायला बराच वेळ लागला. नंतर कळलं, मी चाळीस मिनिटं पाण्यात होते. कात्रीचं मला काही आठवत नाही.

खोटं लिहिलं ते तुला वाईट वाटू नये म्हणून, असं मी मनाशी म्हणत होते. तसं नव्हतं. पत्र वाचूनही का गेलीस, असं तू विचारू नये म्हणून लिहिलं. आता विचारलंसच, तर उत्तर एवढंच आहे की सकाळी तिघांसमोर 'मी येत नाही' म्हणायचं माझ्या जिवावर आलं. पुन्हा वाळूवर बसायचं होतं म्हणून. दुसरं काही कारण नाही. मी शोधून बघितलं.

भिंगरी


२० डिसेंबर

चि. भिंगरी,

तुझं पत्र वाचून मी दुकान बंद केलं आणि चालत चालत पार शेवटच्या बसथांब्यापर्यंत गेले. इतकी चिडले होते.

तीन आठवडे मला वाटत होतं की पोरीला मी बुडवलं. मशीनवर बसले की पाय चालायचा नाही. आता तुझं ऐकल्यावर सुटका व्हायला हवी होती, झाली नाही. मला न कळणारं काम मी विचारल्याशिवाय हातात घेतलं, ते माझ्याकडेच राहणार. तू समजून उमजून गेलीस, ते तुझ्याकडे. आपण एकमेकींचं उचलायला जायचं नाही.

दादा परवा आला होता. भिंगरी काय म्हणते, विचारलं. मी गप्प बसले. त्याने चहा अर्धा ठेवला आणि चप्पल घालताना म्हणाला, "तिला सांग, मी वाट बघतोय." वर्ष संपायच्या आत तू सांग. नाही सांगितलंस तर मी सांगेन.

सूट कारागिराकडे दिला. दुसऱ्यांच्या गुडघ्यांना ठिगळं होतील म्हणाला. तुला पुन्हा जायचंच असेल, आणि जाशील हे मला कळतं, तर नवीन घे. मापं पाठवून नाही, दुकानात अंगावर चढवून. शिवणी चिकटवलेल्या आहेत का विचार, मग आतून बोट फिरव. टाका हाताला लागला तर परत ठेवून दे. दुकानदार म्हणेल वापरून सैल होईल, नाहीतर म्हणेल आत जाड बनियन घाला. कितीही गोड बोलला तरी नको म्हण. माझ्या हातचं पुन्हा पाण्यात न्यायचं नाही.

बोटांचं खरं खरं कळव.

तुझी आत्या


१७ जानेवारी

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

बाबांना एकोणतीस तारखेला सांगितलं.  फोनवर त्यांनी आधी पाणी किती अंश होतं, विचारलं. अकरा. किती वेळ? चाळीस मिनिटं. आत्याला माहीत होतं? मी हो म्हटलं. तुझ्याकडे येतीलच, आले असतील. माझ्याशी अजून मोजकं बोलतात. पण दर रविवारी फोन करतात आणि पहिलं बोटांचंच विचारतात.

बोटं अशी आहेत. करंगळीला गरम-गार कळायला लागलंय. तिच्या शेजारचं बोट अजून परकं आहे. शर्टाची बटणं डाव्या हाताने लावते. डॉक्टरांनी समुद्राला नाही म्हटलेलं नाही, बोटांना जाण येईपर्यंत थांबा म्हटलंय.

सूट घेतला. दोन बस बदलून गेले, पाच घालून बघितले. दुसऱ्या सूटच्या वेळी दुकानदार म्हणाला, "हा तर तुमच्यासाठीच बेतलाय." पाठीत मूठभर हवा राहत होती. नको म्हटलं. पाचवा घेतला. शिवणी चिकटवलेल्या आहेत, आतून बोट फिरवलं तर कुठे टाका लागत नाही. मानेला घट्ट आहे पण गिळता येतं. निगेचा कागद दिलाय, त्यात पहिली ओळ इस्त्री करू नये अशी आहे. तुला दाखवायला जपून ठेवणार होते, पण मग वाटलं तुला हसू यायचं नाही.

आज शनिवार. सकाळी सूट घेऊन खाली गेले. लाटा खडकापलीकडून एकामागून एक येत होत्या, वारा जवळजवळ नव्हताच. सगळे कपडे बदलत होते. बेकरीवाल्याने माझ्या पिशवीकडे बघितलं आणि सरकून मला बाकावर जागा दिली. मी सूट बाहेर काढला, पाय घातले आणि गुडघ्यापर्यंत वर घेतला. उजव्या हाताने पकड येईना. नखं लागू नयेत म्हणून पेरांनी धरायचं, आणि एका पेराला कळतच नव्हतं कापड हातात आहे की नाही. डाव्या हाताने ओढून घेता आला असता. कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

मी पाय बाहेर काढले.  म्हटलं, "मी आज येत नाही. बोटांना अजून कळत नाहीये."

गणिताच्या बाई म्हणाल्या, "बरं." टपालबाईंनी मान हलवली, बेकरीवाला आपली झिप शोधत होता. मग तिघं फळ्या उचलून पाण्यात गेले.

एवढंच होतं ते, आत्या.

तुझी
भिंगरी